घ्यायला कोणी आलं नाही, तर तू कुठे थांबशील?

एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा यंदा पहिलीत गेला. वर्गाच्या पालक-ग्रुपवर दिवसाला साठ-सत्तर मेसेज पडतात. मागच्या आठवड्यात ‘पांढऱ्या व्हॅनमधून मुलं पळवताहेत, सावध राहा’ असा एक आला आणि तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. ते विचारतात: शाळेकडून आम्हाला नेमकी कोणती माहिती मिळायला हवी, आणि या सगळ्या गलबल्यात आम्ही लक्ष कशाकडे द्यायचं?

आधी त्या व्हॅनचा निकाल लावू. मी एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत होते, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. एवढ्या काळात ही व्हॅन कधी काळी झाली, कधी निळी झाली, एकदा तर तिची रिक्षा झाली. पण त्या निरोपात तीन गोष्टी कधीच नसायच्या: तारीख, ठिकाण, आणि ज्याला फोन करून ‘हे खरं का?’ असं विचारता येईल असा माणूस. या तिन्ही नसतील तर तो निरोप पुढे पाठवायचा नाही. शाळेच्या कार्यालयात किंवा पोलिसांना विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. ‘पाठवला तर कुणाचं काय बिघडलं?’ असं वाटतं, पण बिघडतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, एवढी अफवा त्याला पुरली होती.

अफवेचा दुसरा तोटा कुणाच्या लक्षात येत नाही. ती भीती चुकीच्या जागी खर्च करते. व्हॅनच्या धास्तीने मुलाला दुचाकीवर पुढे उभं करून, हेल्मेट न घालता, घंटा व्हायच्या आत पोचवायला सुसाट निघालेले पालक मी रोज पाहिले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं पहिलं कारण रस्त्यावरचे अपघात हे आहे. म्हणून माझं पहिलं बोट शाळेच्या फाटकाकडे जातं. शाळा भरण्याआधीची आणि सुटल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं. वर्गात मुलावर बाईंचं लक्ष असतं, घरात तुमचं. या मधल्या मिनिटांत प्रत्येकाला वाटतं की दुसरा कुणीतरी बघतोय.

थोडं गणित करू. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर पुढे सरकते. समोर मूल आलेलं दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. मग कोरड्या रस्त्यावरही गाडी पूर्ण थांबायला आणखी १४ मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे एकूण २८. ताशी ३० च्या वेगाला हीच बेरीज १३ मीटरच्या आसपास येते. आता १५ मीटरवर मूल रस्त्यात आलं असं समजा. ३० ने येणारा अलीकडे थांबतो. ५० ने येणाऱ्याने अजून ब्रेक जेमतेम दाबलेला असतो. पायी चालणाऱ्यांसारखी सहज इजा होऊ शकणारी माणसं आणि वाहनं जिथे एकत्र येतात तिथे वेग ताशी ३० च्या आत ठेवावा, असं रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेने २०२० साली काढलेल्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटलं आहे. ते याच हिशेबावर.

शिवाय पहिलीतलं मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याची उंची दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये झाकली जाते. त्याला गाडी दिसत नाही आणि चालकाला तो दिसत नाही. गाडी किती लांब आहे हे त्याला कळेल, पण ती किती वेगाने येते आहे हे या वयात नीट जोखता येत नाही. ‘दोन्हीकडे बघ आणि जा’ हे त्याला तोंडपाठ असतं. आई दिसली की सगळं पाठांतर उडून जातं.

म्हणून माझी एकच विनवणी: रस्त्यापलीकडून मुलाला हाक मारू नका. हात तर अजिबात हलवू नका. माझ्या नोकरीत फाटकासमोर जे प्रसंग थोडक्यात निभावले, त्यांतल्या बहुतेकांत मूल अनोळखी माणसापासून पळत नव्हतं, आपल्याच माणसाकडे धावत होतं. आपण पलीकडे जावं, हात धरावा, मग रस्ता ओलांडावा. गाडी थोडी लांब लावून शेवटचे दोनशे पावलं चालत आलात तर आणखी बरं. फाटकासमोरची दुहेरी रांग आपोआप कमी होते. गाडीतून उतरायचं ते पदपथाच्या बाजूने. आणि रिव्हर्स घेताना मागे कुणी नाही, हे आरशात बघून समजत नाही, उतरून बघावं लागतं. गाडीमागे वाकून बुटाची नाडी बांधणारं पोरगं कुठल्याच आरशात येत नाही.

यावर शाळा आणि पालक मिळून काय करू शकतात, याची जुनी उदाहरणं आहेत. ब्रिटनमध्ये १९५३ साली कायदा करून शाळेजवळ मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या माणसाला वाहनं थांबवण्याचा अधिकार दिला. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड एंग्विक्ट यांनी ‘चालती शाळाबस’ सुचवली. ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी दोन मोठी माणसं निघतात, वाटेत एकेका थांब्यावर मुलं रांगेत सामील होतात आणि सगळे मिळून चालत शाळेत. याला पैसा लागत नाही, वेळापत्रक लागतं. तुमच्या गल्लीतून पाच-सहा मुलं एकाच शाळेत जात असतील तर पालकांनी आळीपाळीने हे सुरू करायला कुणाची परवानगी नको.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येते. शाळेकडून कोणती माहिती हवी? ग्रुपवर रोज येणारी बहुतेक माहिती ‘काय झालं’ ही असते. तुम्हाला हवी ती ‘झालं तर काय करायचं’ ही. पहिली झाल्यानंतर येते. दुसरी वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर मिळायला हवी.

हे मी शिकले ते चुकून शिकले. एका वर्षी मुसळधार पावसामुळे आम्ही शाळा दोन तास लवकर सोडली. अकरा वाजून वीस मिनिटांनी ग्रुपवर मेसेज टाकला आणि आमचं काम झालं असं समजलो. दुसरीतल्या एका मुलीची आई जिथे कामाला होती तिथे फोन बाहेर कपाटात ठेवावा लागे. मुलगी वर्गात एकटी उरली. शेजारचे काका आपल्या मुलाला न्यायला आले होते, ते म्हणाले, “हिलाही नेतो.” मुलीने त्यांना काका म्हणून हाक मारली, बाईंनी सोडली. आई नेहमीच्या वेळी आली तर शाळेला कुलूप. काकांचा फोन पावसात भिजून बंद पडलेला. दीड तास त्या बाईचा जीव टांगणीला लागला होता, आणि मुलगी शेजारच्या घरात चित्र रंगवत बसली होती. तिला ओरखडाही आला नाही. पण त्यात आमच्या व्यवस्थेचं काडीचं श्रेय नव्हतं. काका चांगले निघाले, एवढंच.

त्यानंतर आम्ही ठरवलं की मेसेज पाठवला म्हणजे निरोप पोचला असं धरायचं नाही. शाळा अवेळी सोडायची झाली तर प्रत्येक घरी फोन, आणि पलीकडून ‘हो, येतो’ असं ऐकू आल्याशिवाय मूल फाटकाबाहेर जाणार नाही. ज्यांचा फोन लागत नाही त्यांची मुलं दोन शिक्षकांसोबत शाळेतच थांबणार, कितीही वेळ लागला तरी. वेळ लागतो, शिक्षक वैतागतात, पालकही वैतागतात. चालतं.

तुमच्या शाळेत हे कसं होतं ते विचारा. मुलाला कोण नेऊ शकतं याची नावं आणि फोटो असलेली यादी वर्गात आहे का, की फक्त कार्यालयाच्या कपाटात आहे? रोजच्या बाईंच्या जागी दुसऱ्या बाई आल्या तर त्यांना ती सापडते का? नेणारा माणूस आयत्या वेळी बदलला तर शाळा काय करते? याचं योग्य उत्तर एकच आहे. पालकाने नोंदवलेल्या नंबरवर शाळेने स्वतः फोन लावून खात्री करायची. ग्रुपवरचा ‘आज मामा येईल’ हा निरोप मान्य करायचा नाही, कारण तो कुणीही, कुणाच्याही फोनवरून पाठवू शकतो. घरात पालकांमध्ये ताब्याचा वाद चालू असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. अशा वेळी संकोच न करता मुख्याध्यापकांना भेटा, न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत द्या. शाळेला अंदाजाने निवाडा करायला लावू नका. आम्हाला ते जमत नाही आणि आमचं ते कामही नाही.

व्हॅन किंवा बस असेल तर एक प्रश्न जास्तीचा. शेवटचं मूल उतरल्यावर गाडीच्या मागच्या सीटपर्यंत चालत जाऊन कोण बघतं? झोपलेलं मूल बंद गाडीत राहून गेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत, आणि उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. त्याची दुसरी बाजू म्हणजे सकाळची हजेरी. मूल गैरहजर असेल आणि घरून कळवलेलं नसेल तर शाळेने पहिल्या तासाभरात फोन करायला हवा. तुम्हीही गैरहजेरी न चुकता कळवत जा. पालक कळवत नाहीत म्हणून शाळा विचारायचं सोडते, आणि एखाद्या दिवशी खरंच विचारायला हवं होतं असं निघतं.

मोठ्या संकटाच्या वेळी आधी ठरवून ठेवण्याने किती फरक पडतो, ते जपानमध्ये ११ मार्च २०११ ला दिसलं. दुपारी पावणेतीनच्या सुमारास भूकंप झाला, त्यामागून त्सुनामी आली. कामाइशी शहरात उनोसुमाई भागातल्या माध्यमिक शाळेची मुलं सरावात शिकल्याप्रमाणे वर पळत सुटली. ती पळताना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलंही निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तीही सुरक्षित वाटेना, तेव्हा मोठी मुलं धाकट्यांचे हात धरून आणखी उंचावर गेली. शहरातली जवळपास ३,००० शाळकरी मुलं वाचली. त्याच दिवशी इशिनोमाकीतल्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलं मैदानावर जमवली गेली, आणि नेमकं कुठे जायचं यावर मोठ्यांची चर्चा सुमारे पन्नास मिनिटं चालली. शाळेमागे टेकडी होती. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पुढे न्यायालयाने शाळा आणि प्रशासनाला दोषी धरलं ते मुख्यतः याचसाठी की नेमकं कुठे जायचं हे आधी ठरवून ठेवलेलं नव्हतं.

कामाइशीच्या किनाऱ्यावर जुनी शिकवण आहे: त्सुनामीत ज्याने त्याने आपापलं पळावं, कुणाची वाट पाहू नये. ऐकायला निष्ठुर वाटते. पण ती पाळता येते ती घरात आधी बोलणं झालेलं असेल तरच. आई स्वतः पळेल याची मुलाला खात्री हवी, मूल पळेल याची आईला. नाहीतर दोघं एकमेकांना शोधत पाण्याकडे जातात. आपल्याकडे धोका आगीचा असेल, पुराचा असेल; तर्क तोच. म्हणून शाळेला विचारा की आग लागली तर मुलं कुठे जमतात, शाळेत परत जाता आलं नाही तर दुसरी जागा कोणती, आणि आम्ही मुलाला घ्यायला नेमकं कुठल्या बाजूने यायचं. जपानी शाळा मुलं पालकांच्या हाती सोपवण्याचासुद्धा सराव करतात, पालकांना बोलावून, यादी तपासून. आमच्याकडे पहिल्यांदा हा सराव केला तेव्हा जो गोंधळ उडाला, त्यावरून खऱ्या प्रसंगी काय झालं असतं याची कल्पना आली. संकटात शेकडो पालक एकदम फाटकाशी आले की अग्निशमनाची गाडी आत येऊ शकत नाही, ही साधी गोष्टही आम्हाला तेव्हाच सुचली.

अनोळखी माणसाबद्दल तुम्ही मुलाला काय सांगता? बहुतेक घरांत ‘अनोळखी माणसाशी बोलायचं नाही’ हे सांगतात. मी पहिलीच्या मुलांना एकदा अनोळखी माणसाचं चित्र काढायला सांगितलं. बहुतेकांनी दाढीवाला, काळा चष्मा घातलेला माणूस काढला. हसतमुख बाई एकानेही काढली नाही. आणि ज्याने दोनदा खाऊ दिला तो मुलांच्या हिशेबी अनोळखी उरतच नाही. शिवाय मुलांशी गैरवर्तन करणारा माणूस बहुतांश वेळा घरच्यांच्या किंवा मुलाच्या ओळखीचाच असतो. म्हणून माणूस ओळखायला शिकवू नका, नियम शिकवा. कुणीही असो, अगदी मामा असला तरी, कुठेही जाण्याआधी आणि काहीही घेण्याआधी ज्याच्या ताब्यात आपण आहोत त्याला विचारायचं. काही घरांत परवलीचा शब्द ठरवतात. चांगला उपाय आहे, पण सहा वर्षांचं मूल “आमचा शब्द पतंग आहे, तुम्हाला माहीत आहे का?” असं विचारून मोकळं होतं. शब्द आपण सांगायचा नाही, समोरच्याने सांगायचा, हे नाटक करून चार-पाच वेळा घटवून घ्या.

आणि गुपिताचं. गंमत आणि गुपित यांतला फरक मुलांना पटकन कळतो. गंमत काही दिवसांनी सगळ्यांना सांगायची असते, जशी वाढदिवसाची भेट. ‘कुणालाच, कधीच सांगू नकोस’ असं मोठं माणूस म्हणालं तर ते त्याच दिवशी घरी सांगायचं. शरीराच्या अवयवांची खरी नावं मुलाला माहीत असू द्या. टोपणनावांमुळे मूल काय सांगतंय हेच कधी कधी मोठ्यांना कळत नाही. ते सांगेल तेव्हा ‘मग तू आधी का नाही बोललास?’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका.

आजारपणाच्या बातम्या ग्रुपवर सगळ्यात जास्त गाजतात, तर त्याबद्दल थोडक्यात. कांजिण्या पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात आणि सगळ्या पुळ्यांवर खपली धरेपर्यंत पसरत राहतात. गोवराचे विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत टिकू शकतात. म्हणून शाळेची सूचना आली की लसीची नोंद तपासा, आणि घरात गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर डॉक्टरांना विचारा. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास, औषधाशिवाय ताप उतरल्यावर २४ तास मूल घरी ठेवणं बरं. सकाळी तापाचं औषध देऊन पाठवलेलं मूल दुपारी बाईंच्या टेबलावर डोकं टेकून बसतं, आम्हाला कळतं. उवा उड्या मारत नाहीत, डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. त्यांचा अस्वच्छतेशी संबंध नाही. आणि आजारी मुलाचं नाव ग्रुपवर विचारू नका. सूचनेत रोगाचं नाव पुरेसं असतं, मुलाचं कशाला?

फोटोंचंही तसंच. गणवेशावर शाळेचं नाव, गळ्यात मुलाचं नाव, मागे पाटी, आणि खाली लिहिलेलं ‘सहलीला निघालो!’ यातून कुणालाही सगळं समजतं. सहलीचे फोटो परत आल्यावर टाका. दुसऱ्याचं मूल फोटोत असेल तर आधी विचारा.

तुम्ही ग्रुप सोडायचा का, हे विचारलेलं नाही, पण मनात असेलच. सोडू नका. आवाज बंद करून ठेवा आणि दिवसातून दोनदा बघा: सकाळी निघण्याआधी, आणि शाळा सुटायच्या तासभर आधी. शिक्षकच लिहू शकतील असा वेगळा सूचना-ग्रुप करा, असं शाळेला सुचवा. त्यावर शुभेच्छा नाहीत, हरवलेली पाण्याची बाटली नाही. पहिल्या महिन्यात लोक कुरकुरतील.

आज रात्री जेवताना मुलाला विचारा, “मी घ्यायला आलो नाही, तर तू कुठे थांबशील?” तो बहुतेक “फाटकाजवळ” म्हणेल, सगळीच म्हणतात. फाटकाजवळ नाही. बाईंजवळ, वर्गात. परवा पुन्हा विचारा, आठ दिवसांनी पुन्हा. आणि सोमवारी शाळेत गेलात की हाच प्रश्न बाईंनाही विचारा: “मी आलो नाही तर हा कुठे थांबेल?” दोघांची उत्तरं जुळतात का ते बघा.